लाइट, लिंक आणि लिव्हरपूल

21 सप्टेंबर 2025चा रविवार. सर्वपित्री अमावास्या, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. ज्योत आणायला सप्तशृंग गडाकडे निघालेल्या मंडळांनी कळवणचे रस्ते संध्याकाळपासून भरलेले. पुढे टेम्पो, टेम्पोवर साउंड, मागे मोटारसायकली. त्यात आठ वाजता दुबईत आशिया चषकातला भारत-पाकिस्तान सामना. बाहेर पडायचं तर गड आणि घरात बसायचं तर टीव्ही, अशी गावाची सरळ वाटणी झाली होती. या दोन्हींना चुकवून आठ-दहा पोरं एका गल्लीतल्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात, अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून वाकून आत शिरत होती. नऊ वाजता आर्सेनल विरुद्ध मँचेस्टर सिटी होती.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी विषय दिला होता ‘गावाकडची रात्र’. बिबट्या, भजन, खळ्यावरची राखण आणि भुतं यांवर लिहिणारे चांगले हात आहेत, त्यांच्या वाटेला कशाला जा? कळवणच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मागे सांगितलेलं डोक्यात होतं. पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या पोरांना उठवून विचारलं, की उत्तर येतं, “सर, रात्री बार्सिलोनाची मॅच होती.” नाशिकहून सत्तर-ऐंशी किलोमीटर आत, कांदा आणि मका पिकवणाऱ्या तालुक्याच्या गावी बार्सिलोनासाठी कोण जागतं आणि नेमकं कशावर बघतं, हे पाहायला मी गेलो.

शटरच्या आत

दुकानात टीव्ही आहे. पण त्यावर क्रिकेट चालू होतं आणि समोर दुकानमालकाचे वडील खुर्ची टाकून बसले होते. आबा उठेपर्यंत रिमोट मागायचा नाही, हा तिथला नियम. त्यामुळे काउंटरवर, पोट उघडून ठेवलेल्या हँडसेटच्या पसाऱ्यात, सोल्डरिंग पेस्टच्या डबीला टेकवून एक फोन उभा केलेला. भोवती दहा डोकी. मी त्यातल्या कुणाचं नाव लिहीत नाही. तिथेही नावाने कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. आर्सेनल, लिव्हरपूल, बार्सा, रोनाल्डो अशाच हाका. “ए लिव्हरपूल, सरक ना भो, दिसत नाही,” वगैरे.

फोन आर्सेनलवाल्याचा, ॲपचं सबस्क्रिप्शन दुसऱ्याचं, हॉटस्पॉट तिसऱ्याचा. या तिसऱ्याला त्या रात्री सगळ्यांत जास्त मान होता, कारण त्याच्या सिमला त्या गल्लीत रेंज येते. इंग्रजी कॉमेंट्रीचा आवाज बंद, कारण शेजारच्या भारत-पाकिस्तानच्या आवाजापुढे ती ऐकू येणारच नव्हती. कॉमेंट्री पोरंच करत होती, अर्धी मराठी, अर्धी अहिराणी, आणि मध्येमध्ये छापता न येणारी. नवव्या मिनिटाला हालंडने सिटीसाठी गोल केला. आर्सेनलवाला उठून दुकानाबाहेर गेला, तंबाखू मळली आणि परत आला.

पुढचा दीड तास सिटीने मागे हटून, बस लावून खेळ केला. पेप ग्वार्दिओलाचा संघ असा बचाव करतो, हे कुणालाच पटत नव्हतं. आणि मग सामना संपत आलेला असताना आर्सेनलवाल्याच्या दुसऱ्या खिशातला फोन वाजला. पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या भावाचा मेसेज होता. त्यात एकच शब्द होता, गोल. कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं.

काउंटरवरच्या फोनवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता. पोरं गप्प झाली. पलीकडच्या घरातून ओरडा झाला. तो अभिषेक शर्माच्या कुठल्याशा फटक्याचा होता, पण त्यानेही दोघं दचकले. लिव्हरपूलवाला म्हणाला, “सिटीचा दुसरा असेल, बघ तू.” अर्ध्या मिनिटाने एझेने मागून उंच चेंडू टाकला, मार्टिनेल्ली धावला आणि पुढे आलेल्या दोन्नारुम्माच्या डोक्यावरून त्याने तो अलगद जाळीत सोडला. 1-1. दुकानात जो गोंधळ झाला त्याने आबा वैतागून मागे वळले, “काय रे, विकेट पडली का?”

अर्धं मिनिट कुठे जातं

हे अर्धं मिनिट म्हणजे कळवणच्या पोरांची सगळ्यांत रोजची तक्रार. मैदानात घडलेली गोष्ट उपग्रहावरून केबलला येतानाही काही सेकंद मागे पडते. ॲपवर ती आणखी मागे राहते, कारण तिथे चित्र सलग वाहत नाही. काही सेकंदांचे तुकडे पाडून ते पाठवलं जातं, आणि मध्येच अडकायला नको म्हणून फोन दोन-चार तुकडे गाठीशी जमल्याशिवाय पहिला दाखवत नाही. मेसेजला किंवा स्कोअरच्या नोटिफिकेशनला असलं काही लागत नाही, ते थेट येऊन धडकतं. म्हणून जाणती पोरं सामना सुरू झाला की व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करतात, स्कोअरची ॲप बंद करतात. तरी पुण्याचा भाऊ निघतोच एखादा.

त्यातही डोंगर आडवा आला की हिशेब बदलतो. कनाशी, अभोण्याकडच्या पाड्यांवर राहणाऱ्या दोघांनी सांगितलं, की घरात रेंज नसतेच. फोन घेऊन टेकाडावर जायचं नाहीतर शाळेच्या ओट्यावर बसायचं. रात्री अकरानंतर मात्र नेट पळतं, कारण गाव झोपलेलं असतं. युरोपातले सामने उशिरा असण्याचा एवढा एकच फायदा त्यांना सापडला आहे.

आणि एक भानगड आहे, जी मुंबई-पुण्यात वायफायवर बघणाऱ्याला सुचणारही नाही. स्वस्त रिचार्जमध्ये रोज दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो आणि तो रात्री बाराला नवा होतो. चॅम्पियन्स लीगचा साडेबाराचा किंवा दीडचा सामना बघितला, की दुसऱ्या दिवसाचा कोटा उजाडायच्या आतच उडालेला असतो. मग दिवसभर क्लासचे व्हिडिओ नाहीत, काही नाही. “मॅच बघितली का हे घरच्यांना विचारावं लागत नाही,” बार्सावाला म्हणाला. “सकाळी मी आईचा फोन मागितला, की तिला समजतं.”

कुणाला पैसे देऊ?

बार्सावाला पंचवीस-सव्विशीचा आहे. पॉलिटेक्निक करून आता ठिबकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात बसतो. त्याच्या संघामागे फिरण्याची कहाणी मी त्याच्याकडून दोनदा ऐकली, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता.

शाळेत असताना ला लीगा सोनीच्या वाहिन्यांवर दिसायची. 2018मध्ये फेसबुकने भारतासह आसपासच्या देशांसाठी तिचे हक्क तीन हंगामांसाठी घेतले. सगळेच्या सगळे सामने फेसबुकवर, फुकट. जगभर कौतुक झालं. कळवणमध्ये त्याचा अर्थ असा झाला, की घरच्या टीव्हीवरून मेस्सी गेला आणि वडिलांच्या फोनमध्ये शिरला, आणि तो फोन रात्री वडिलांच्या उशाखाली असायचा. 2021मध्ये हक्क वायकॉम18कडे आले आणि ला लीगा एमटीव्हीवर सुरू झाली. गाण्यांच्या वाहिनीवर! त्याच उन्हाळ्यात मेस्सीच बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, हा भाग वेगळा. पुढे स्पोर्ट्स18 आली. 2024-25च्या हंगामात ला लीगा जीएक्सआर वर्ल्ड नावाच्या, तोवर कुणी न ऐकलेल्या ठिकाणी गेली. 2025-26पासून ती फॅनकोडवर आहे. फॅनकोड ही ड्रीम11ची भावंड कंपनी. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि ड्रीम11चा मूळ धंदा बंद पडला, तेव्हा बार्सावाल्याला पहिली काळजी ला लीगाची वाटली. ड्रीम11वर टीम लावून हरलेल्या पैशांचं त्याने नंतर सांगितलं.

मेस्सीच्या मागे जायचं तर आणखी वेगळा रस्ता. 2023पासून तो अमेरिकेत इंटर मायामीकडून खेळतो आणि त्या लीगचे जगभरचे हक्क ॲपल टीव्हीकडे आहेत. ॲपलचं कुठलंही यंत्र त्या दुकानात दुरुस्तीला आलं तर ते बघायला पोरं जमतात. प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर आणि स्टार स्पोर्ट्स सिलेक्टवर, चॅम्पियन्स लीग सोनीकडे, ला लीगा फॅनकोडवर. स्वस्तातले प्लॅन आहेत. जिओहॉटस्टार फेब्रुवारी 2025मध्ये सुरू झालं, तेव्हा मोबाइलपुरता प्लॅन तीन महिन्यांना 149 रुपये होता, फॅनकोडवर एका सामन्यापुरता पासही मिळतो. एकेक बघितलं तर महाग काहीच नाही. पण बार्सिलोना लीग एका ठिकाणी खेळते आणि युरोपातले सामने दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे एका संघासाठी दोन दुकानं. त्यात लिव्हरपूलचा मित्र शेजारी बसला की तिसरं.

लिव्हरपूलवाल्याचं म्हणणं मला सगळ्यांत नेमकं वाटलं. “सर, पैसे द्यायला मी तयार आहे. पण कुणाला देऊ? ह्या वर्षी ह्याला दिले, पुढच्या वर्षी मॅच तिकडे.”

म्हणून मग लिंक. ग्रुपवर सामन्याच्या दहा मिनिटं आधी ती पडते. उघडली, की आधी सट्ट्याच्या जाहिराती, मग नको त्या जाहिराती, मग अरबी किंवा स्पॅनिश कॉमेंट्रीवाला सामना. साठाव्या मिनिटाला लिंक मरते. दिल्ली उच्च न्यायालय अशा संकेतस्थळांवर बंदीचे आदेश काढत असतं, सामना चालू असतानाही नवी स्थळं बंद करायची मुभा हक्क घेणाऱ्या कंपन्यांना मिळते. लिंक मेली की पोरं न्यायालयाला नाही, ग्रुपच्या ॲडमिनला शिव्या देतात. चोरी ती चोरीच, आणि दुकानातल्या कुणी तिचं समर्थनही केलं नाही. पण ज्याच्या खिशात दीडशे रुपये आहेत आणि ते द्यायची इच्छाही आहे, त्याला शोधाशोध करायला लावणाऱ्या धंद्याबद्दल मला फार सहानुभूती वाटत नाही.

सिलेक्ट कुणी सिलेक्ट करत नाही

केबलवाल्याला भेटलो. तो या धंद्यात वीसेक वर्षं आहे. छत्रीवरून थेट चॅनेल ओढायचे दिवस त्याने पाहिले आहेत आणि आता महिन्याच्या सुरुवातीला दारोदार पैसे गोळा करत फिरण्याचा त्याला कंटाळा आला आहे. फुटबॉलचं नाव काढताच तो हसला.

“सिलेक्ट? माझ्याकडे मागणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. एक बँकेत बदलून आलेला मल्याळी साहेब होता, त्याची बदली झाली.”

त्याने जे समजावून सांगितलं, ते असं. फेब्रुवारी 2019पासून दूरसंचार नियामक ट्रायने सुटी वाहिनी घ्यायची सोय केली. पाहिजे ती वाहिनी निवडा, तिचेच पैसे द्या. कागदावर फुटबॉलवाल्याचं भलंच होतं. एकत्र पॅकमध्ये घालायच्या वाहिनीला 19 रुपयांची कमाल मर्यादा आहे, म्हणजे कर धरून साडेबावीसच्या आत. पण वाहिन्या गठ्ठ्याने विकण्यातच सगळ्यांना रस, आणि गावात खपणाऱ्या गठ्ठ्यात मराठी मालिका, हिंदी सिनेमे आणि क्रिकेटची एक-दोन चॅनेलं असतात. परदेशी फुटबॉल ज्या वाहिन्यांवर आहे त्या वरच्या गठ्ठ्यात. सुटी हवी तर केबलवाल्याने नाशिकच्या मोठ्या ऑपरेटरच्या यंत्रणेतून ती त्या बॉक्सला जोडायची. एचडी असेल तर बॉक्सही एचडी हवा, आणि गावातले निम्मे बॉक्स जुने. बावीस रुपयांच्या वाहिनीत त्याच्या वाट्याला येतं ते किती? “तेवढ्यासाठी मी पाड्यावर गाडी नेऊ का?” त्याचंही चुकीचं नाही. आणि ज्यांच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री आहे, महिन्याला एक पैसा न देता टीव्ही बघणारी, त्यांचा तर या गोष्टीशी संबंधच येत नाही. पाड्यांवर अशी घरं बरीच.

टीव्हीवर एक सामना लागतो, त्याच वेळचे बाकीचे ॲपवर. शनिवारी इंग्लंडात दुपारी तीनला चार-पाच सामने एकदम सुरू होतात. गंमत अशी, की हे सामने खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दिसत नाहीत. लोकांनी मैदानात जावं, छोट्या क्लबांची तिकिटं खपावीत म्हणून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण बंद ठेवायची तिथली प्रथा 1960च्या दशकापासून आहे. बर्नलीच्या माणसाला जो सामना घरी बसून दिसत नाही तो कळवणच्या माणसाला दिसू शकतो, फक्त फोनला रेंज हवी. हे सांगितल्यावर लिव्हरपूलवाला म्हणाला, “मग त्याला माझी लिंक पाठवू?”

दहा बघे, एक प्रेक्षक

हक्क असे इकडून तिकडे का फिरतात, याचं मूळ कारण क्रिकेट. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएलसाठी 48,390 कोटी रुपये मोजले गेले. हे पैसे जाहिरातीतून वसूल करायचे, तर खेळात जाहिरातीला जागा हवी. क्रिकेटमध्ये ती दर षटकानंतर मिळते, विकेट पडली की मिळते. फुटबॉल पंचेचाळीस मिनिटं कुणासाठी थांबत नाही. मध्यांतराची पंधरा मिनिटं काय ती विकायला उरतात, तीही रात्री दीडला. म्हणजे परदेशी फुटबॉल इथे वर्गणीवर चालवावं लागतं आणि वर्गणी देणारे थोडे, विखुरलेले. कंपनी तीन वर्षं बघते, जमलं नाही तर सोडते, दुसरी येते. अलीकडे कंपन्याच एकमेकींत विलीन होत आहेत, तेव्हा बोली लावणारेही कमी झाले. 2025मध्ये तर देशातली इंडियन सुपर लीगच करारांच्या घोळात लटकली होती. परदेशी लीगचं रडगाणं कोण ऐकणार?

त्यात कळवणची गंमत वेगळीच. त्या रविवारी दुकानात एका फोनवर दहा जण सामना बघत होते. ॲपच्या हिशेबात तो प्रेक्षक एक. लिंकवर बघणारा शून्य. आबांच्या टीव्हीवर क्रिकेट. जाहिरातदाराला द्यायच्या आकड्यांमध्ये नाशिक जिल्ह्याच्या या कोपऱ्यात फुटबॉल बघणारं कुणी नाहीच, मग त्यांच्यासाठी स्वस्त पॅक, टीव्हीवरचा दुसरा सामना, मराठी कॉमेंट्री यातलं काही का करावं? 2022च्या विश्वचषकात जिओसिनेमावर इंग्रजी आणि हिंदीखेरीज बंगाली, मल्याळी आणि तमिळ कॉमेंट्री होती. बंगाल-केरळात फुटबॉल रक्तात आहे, ते ठीकच. पण मराठी कॉमेंट्री जमत नाही असंही नाही. 2023च्या आयपीएलमध्ये केदार जाधव मराठीत समालोचन करत होता, आणि ते करता करताच त्याला बंगळुरूच्या संघाने खेळायला बोलावून घेतलं.

कोल्हापूरच्या एका मित्राला फोनवर हे सगळं सांगितलं, तर त्याला फारसं अप्रूप वाटलं नाही. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, विश्वचषक आला की चौकाचौकात मेस्सी-रोनाल्डो-नेमारचे कटआउट उभे राहतात, पडदे लागतात. कुणाच्या घरी सामना दिसत नसला तर पेठेत कुठेतरी दिसतोच. कळवणला पेठ नाही, तालीम नाही, शाळेत फुटबॉल खेळलेला बाप नाही. प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 2017च्या सप्टेंबरात, सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ म्हणून शाळाशाळांत पोरांना फुटबॉल खेळवला. एफसी बायर्न महाराष्ट्र कपमधून निवडलेली चौदा वर्षांखालची वीस मुलं 2023मध्ये सरकारने म्युनिकला पाठवली. एका आश्रमशाळेच्या क्रीडाशिक्षकांनी मला सांगितलं, की त्यांची पोरं दम असलेली आहेत, डोंगर चढून वाढलेली, पण “ऑफसाइड काय ते फळ्यावर किती समजावणार? दोन मॅचेस दाखवल्या तर आपोआप समजेल.” हॉलमध्ये टीव्ही आहे. त्यावर काय दिसतं ते वर आलंच.

थ्री फेज आणि चॅम्पियन्स लीग

“आत्ता काय बघताय,” रोनाल्डोवाला म्हणाला, “पौषात या.”

तो शेती करतो. रोनाल्डो सौदीला गेल्यापासून त्याच्या मागे सौदी लीगही बघतो, आणि त्यावरून बाकीच्यांची बोलणी खातो. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागण झाली की पाणी भरायचं काम सुरू होतं. शेतीची थ्री फेज लाइट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटार चालू करून वाफ्यावाफ्याने पाणी फिरवत शेतात उभं राहायचं. हाडं गोठवणारी थंडी, पायाखाली चिखल, आणि बिबट्या या भागात आता नवलाचा राहिलेला नाही. एक वाफा भरायला वेळ लागतो. तेवढ्यात बांधावर बसून खिशातला फोन काढायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. 2025मध्ये ती तारीख 26, भाऊबीज होऊन तीन दिवस. त्यानंतर साडेबाराचा चॅम्पियन्स लीगचा सामना दीडला सुरू होतो आणि साडेतीनला संपतो. प्रीमियर लीगचा शनिवारचा साडेसातचा सामना साडेआठला जातो. नोकरदार प्रेक्षक याला वैतागतो. रोनाल्डोवाल्याला मात्र हिवाळ्याची वेळ सोयीची आहे, कारण दीडपर्यंत अर्धं रान भिजून होतं. मध्येच डीपी उडाला किंवा लाइट गेली तर मोटार बंद, आणि मग हात मोकळे. “लाइट गेली की शिव्या देतो. मॅच असेल तर जरा उशिरा देतो.”

सरकारने सौर वाहिन्यांवरून शेतीला दिवसा वीज द्यायची योजना आणली आहे आणि ती हवीच आहे. रात्रीच्या पाण्याने माणसं मेली आहेत, सर्पदंशाने, शॉकने. रोनाल्डोवालाही तिचीच वाट बघतोय. दिवसा लाइट आली तर मॅच घरी गोधडीत बसून बघेन, म्हणतो.

मुलींनी कुठे बसायचं

दुकानात एकही मुलगी नव्हती आणि असण्याची शक्यताही नव्हती. प्राध्यापकांच्या ओळखीने कॉलेजात एकीशी बोलणं झालं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, बार्सिलोनाची भक्त. पण तिची बार्सिलोना वेगळी. महिला संघातल्या आयताना बोनमातीची. 22 सप्टेंबरच्या रात्री बोनमातीला सलग तिसऱ्यांदा बॅलन डी’ऑर मिळाला, तो सोहळा तिने पांघरुणात इयरफोन लावून, आवाज दोनवर ठेवून बघितला. शेजारी आजी झोपलेली.

तिला महिला फुटबॉल लागलं ते फुकट मिळालं म्हणून. 2021पासून पहिली दोन वर्षं महिला चॅम्पियन्स लीगचे सगळे सामने डॅझन या स्ट्रीमिंग कंपनीने यूट्यूबवर सोडले होते. ती तेव्हा शाळेत होती, लॉकडाउननंतरचा अभ्यासाचा फोन हातात होता. यूट्यूबने स्वतःहून एक सामना पुढे केला आणि तिने तो शेवटपर्यंत बघितला. ती सोय बंद झाल्यावर तिने जे मिळेल ते बघितलं, आता बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीचे हायलाइट्स. पोरांकडे निदान भांडायला ग्रुप आहे. हिच्याशी या विषयावर बोलणारं गावात कुणी नाही, म्हणून माझ्याशी ती न थांबता तासभर बोलली. इंग्लंड युरो जिंकलं ते पेनल्टीवर आणि स्पेनचंच चुकलं, हे तिने मला आकृती काढून पटवलं. दुकानातल्या पोरांना असं काही मुद्देसूद बोलता आलं नसतं.

आबांचा मॅराडोना

आबांचं राहिलं. भारत जिंकला, पोरं पांगली, तेव्हा ते आपणहून बोलायला लागले. 1986मध्ये ते नाशिकला शिकायला होते. मेक्सिकोच्या विश्वचषकाचे सामने दूरदर्शनने दाखवले. अंतिम सामना रात्री साडेअकराला सुरू झाला. खोलीमालकांच्या दिवाणखान्यात पन्नासेक जण. अर्जेंटिना 3, पश्चिम जर्मनी 2. “तेव्हा बघायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. एकच चॅनेल. दाखवलं तर बघायचं, नाही तर पेपरात वाचायचं.” आबांना ती चांगली व्यवस्था वाटते. नातवाने सांगितलं, की आबा, तुम्ही चार वर्षांतून महिनाभर बघत होता, आम्हाला दर आठवड्याला लागतं. वाद इथेच थांबला, कारण आबांना झोप आली होती.

वर्गणी

दुकानात परत गेलो तेव्हा एका वहीवर हिशेब चालू होता. एक वापरलेला स्मार्ट टीव्ही, फायबरचं कनेक्शन, तिन्ही ॲपची वर्षाची वर्गणी. सगळं मिळून दहा जणांत वाटलं तर गणेशोत्सवाच्या वर्गणीहून फार जास्त पडत नाही, असं आर्सेनलवाल्याने मांडून दाखवलं. मागे लिव्हरपूल-ॲट्लेटिकोच्या सामन्यात 92व्या मिनिटाला व्हॅन डाइकने हेडरवर गोल केला, तेव्हा लिव्हरपूलवाल्याच्या फोनवर चक्र फिरत होतं. त्याची जखम ताजी, त्यामुळे त्याने पहिले पाचशे लगेच काढून ठेवले. रोनाल्डोवाल्याची एक अट आहे. सौदी लीगही घ्यायची, नाहीतर त्याचा आकडा कमी. बार्सावाल्याने पुढच्या वर्षी ला लीगा आणखी कुठे गेली तर पैसे परत मिळतील का, असं विचारलं, आणि त्यावर सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं.

टीव्ही दुकानात ठेवायचा नाही, हे एकमताने ठरलं, कारण आबा. एकाच्या चुलत्याच्या रिकाम्या कांदाचाळीजवळची खोली मिळतेय, तिथे रेंज नाही पण फायबरची तार पोचते. अडलं होतं ते पासवर्ड कुणाच्या नावावर ठेवायचा यावर. आर्सेनलवाल्याचा दावा होता, कारण कल्पना त्याची. लिव्हरपूलवाला म्हणाला, “ह्याच्याकडे नको. परवा एक गोल खाल्ला तर तंबाखू खायला गेला. हरला तर पासवर्ड बदलेल.”